धम्मासाठी घर सोडणारी लेकरं

(आपल्या विहाराच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





मी काही वक्ता नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जिनिंगमध्ये रेच्यावर उभं राहून माझी तीस वर्षं गेली. रेच्याच्या घरघरीत माणूस मोठ्यानं बोलायला शिकतो, चांगलं बोलायला शिकतोच असं नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. बाकी जे काही शिकलो ते आपल्या विहाराच्या कपाटातली पुस्तकं वाचून आणि मोठ्या लोकांची भाषणं ऐकून. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकलं तर पोटात घाला.

कमिटीनं मला विषय दिला आहे 'धम्मप्रचार आणि आजचा तरुण'. या विषयाकडं मी सरळ रस्त्यानं येणार नाही, जरा आडवाटेनं येणार आहे. सुरुवात करणार आहे परधर्मातल्या दोन पोरांपासून. कुणी म्हणेल, विहाराच्या स्टेजवर दुसऱ्याच्या धर्माचं काय काम? पण शेजाऱ्याच्या घरी दिवा लागला असेल तर तो कोणत्या तेलावर जळतो, हे बघायला काय हरकत आहे?

दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी हैदराबादला गेलो होतो. परत येताना सिकंदराबादहून देवगिरी गाडीत बसलो. समोरच्या बाकावर दोन पोरं येऊन बसली. वय एकोणीस-वीस. पांढरा शुभ्र शर्ट, टाय, काळी पँट, छातीवर नावाची काळी पट्टी. मला वाटलं, कंपनीची औषधं विकणारी पोरं असतील. चहावाला आला. मी दोघांना चहा विचारला. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. "अंकल, हम चाय नहीं पीते, कॉफी भी नहीं." मी म्हटलं, बाबा रे, या वयात चहा न पिणारी पोरं कुठून आली?

मग हळूहळू बोलणं निघालं. एक आंध्रातला, दुसरा ईशान्येकडच्या डोंगराळ मुलखातला. जगात मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा जो ख्रिस्ती पंथ आहे, त्याचे हे मिशनरी. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ नावाच्या माणसानं हा पंथ काढला. त्याचं मुख्य ठाणं युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी इथं आहे. या पंथात असा रिवाज आहे, की मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्यानं दोन वर्षं प्रचाराला द्यावीत. मुलींवर तशी सक्ती नाही, पण त्यांनाही जाता येतं, दीड वर्षासाठी; २०१२ ते २०२५ या काळात त्यांचं किमान वय एकोणीस होतं. २०१२ पर्यंत ही वयं एकोणीस आणि एकवीस होती, मग कमी केली. आज जगभर त्यांची हजारो पोरं-पोरी अशी फिरत असतात.

आता यातली गंमत ऐका. कुठं जायचं हे पोरानं ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि पत्राची वाट बघायची. पत्रात ब्राझील आलं तर ब्राझील, जपान आलं तर जपान. भाषा येत नसेल तर काही आठवडे शिकवतात आणि पाठवून देतात. सकाळी साडेसहाला उठायचं, वाचन करायचं, मग दिवसभर दारोदार. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोरीबाळींच्या मागं फिरणं नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, बाजार करायला आणि घरी पत्र लिहायला. २०१९ च्या आधी तर आईबापांना फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला बोलता येतं.

आणि पगार? पगार नाही. उलट खर्च घरच्यांनीच द्यायचा. अमेरिकेतल्या घरांना २०२० पासून महिन्याला पाचशे डॉलर भरावे लागतात. काही घरी पोरगं लहान असल्यापासून त्याच्या नावानं गल्ला ठेवतात. गरीब मुलखातल्या घरांनी जमेल तेवढं द्यायचं, कमी पडलं तर मंडळींचा फंड भर घालतो. आंध्रातल्या पोराचा बाप रंगारी होता. मी विचारलं, "घरचं कसं चालतं रे?" तो म्हणाला, "अंकल, लहान भाऊ बापाबरोबर कामाला जातो." हे सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचं ते बघणं माझ्या मनातून जाईना. त्याचं कारण मी शेवटी सांगणार आहे.

हे लोक एकटे कधी फिरत नाहीत, कायम दोघं-दोघं. येशूनं आपल्या शिष्यांना दोघं-दोघं पाठवलं होतं, असं त्यांच्या ग्रंथात आहे. जोडीदार कोण, हेही वरूनच ठरतं. आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोराला म्हणायचं 'एल्डर', म्हणजे वडीलधारा! मला हसू आलं. आपल्याकडं थेर म्हणजेही वडीलधाराच, पण भिक्खूला थेर म्हणवून घ्यायला दहा वर्षावास पुरे व्हावे लागतात.

आता मला त्यांचं सगळंच पटलं का? नाही पटलं. त्यातला एक मला म्हणाला, "अंकल, तुम्ही मनापासून प्रार्थना करा, देव तुम्हाला आतून उत्तर देईल." मी म्हटलं, "बाळा, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या बुद्धानं कालाम नावाच्या लोकांना सांगितलं, की मी सांगतो म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपल्या अनुभवानं पारखून घ्या. आतून आलेलं उत्तर आपल्याच मनाचा खेळ नसेल कशावरून?" पोरगं रागावलं नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. बुद्धाचं सांगणं असं कुणी त्याला आधी सांगितलं नव्हतं म्हणे.

आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली, ती तुमच्यापुढं ठेवलीच पाहिजे. याच पंथात १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या काळ्या पुरुषाला पुरोहितपद मिळत नव्हतं. ज्या पंथात साध्या घरच्या पोरालासुद्धा ते पद मिळतं, तिथं काळ्याला मज्जाव! १९७८ साली तो नियम उठवला. म्हणजे बघा, जात नुसती आपल्याच देशात नाही. कोणत्याही धर्माची पोरं कितीही गोड बोलत असली, तरी तुमच्या धर्मात माणसाला माणूस म्हणता का, हा प्रश्न आधी विचारायचा. हा प्रश्न आपल्याला बाबासाहेबांनी शिकवला.

हे लोक आपल्या मुलखात आजच आलेले आहेत असंही नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला. त्याचं म्हणणं ऐकलं ते बहुतेक इंग्रज छावणीतल्या लोकांनी. आपल्या लोकांत ते रुजलं नाही. १८५५ च्या सुमारास तो परत गेला. मला वाटतं, जो नुसता सांगायला येतो, त्याच्यामागं काही उरत नाही. जो आधी शिकायला येतो, त्याच्यामागं उरतं.

बंधू-भगिनींनो, प्रचाराला पोरं पाठवण्याची रीत ही काही अमेरिकेनं काढलेली नाही. सारनाथला, म्हणजे त्या वेळच्या इसिपतनात, पहिला वर्षावास झाला. भगवंताजवळ साठ अर्हंत तयार झाले होते. भगवंतानं त्यांना सांगितलं, की बहुतांच्या भल्यासाठी, सुखासाठी, जगावर दया म्हणून आता बाहेर पडा. आणि एक अट घातली. एका रस्त्यानं दोघांनी जायचं नाही! बघा कसा फरक आहे. त्यांच्याकडं दोघांनी बरोबर राहायचं, आपल्याकडं एकेकट्यानं निघायचं. का? कारण माणसं थोडी होती आणि दुःख फार होतं. दोघं एकाच गावाला गेले, तर दुसरं गाव कोरडं राहील.

पुण्ण नावाचा भिक्खू तर आपल्याच किनाऱ्याचा. मुंबईजवळच्या सोपाऱ्याशी त्याचं नाव जोडलं जातं. तो आपल्या मुलखात परत निघाला, तेव्हा भगवंतानं त्याची परीक्षा घेतली. तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील, मग काय करशील? पुण्ण म्हणाला, हातानं मारलं तर नाही, म्हणून त्यांना चांगलंच म्हणेन. हातानं मारलं तर? दगड तर मारला नाही, असं म्हणेन. असं करत करत जीव घेण्यापर्यंत गोष्ट गेली, पण पुण्ण डगमगला नाही. तेव्हा भगवंत म्हणाले, जा, तू तिथं राहू शकशील. त्या रेल्वेतल्या पोरांच्या तोंडावर दिवसातून कितीदा दार आपटलं जात असेल! ते मुकाट्यानं पुढचं दार वाजवतात. एवढ्यापुरतं ते पुण्णाचे भाऊबंद आहेत, असं मी म्हणेन.

पुढं सम्राट अशोकाच्या काळात थेर देशोदेशी गेले. महेंद्र आणि संघमित्रा ही सख्खी भावंडं श्रीलंकेत गेली. महावंसात अशी नोंद आहे, की महाधम्मरक्खित नावाचे थेर महारट्ठात म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले, आणि अपरान्तात म्हणजे कोकणाकडं आले ते धम्मरक्खित नावाचे यवन, म्हणजे जातीनं ग्रीक. विचार करा. ग्रीक माणूस कोकणात येऊन कोकणी माणसाला धम्म सांगतो! धम्माला सरहद्द नाही आणि रंग नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आता मी माझ्या मुख्य माणसाकडं येतो. त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी. तुमच्यापैकी काहींनी त्यांचं 'भगवान बुद्ध' पाहिलं असेल, आपल्या कपाटात आहे. पण त्यांचं 'निवेदन' नावाचं आत्मचरित्र आहे, ते फार थोड्यांनी वाचलं असेल. मला ते एका निवृत्त गुरुजींनी दिलं. सीझन संपल्यावर चैत्राच्या उन्हात, लिंबाखाली बसून मी ते दोनदा वाचलं.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. सारस्वत ब्राह्मण घर, पण परिस्थिती बेताची. शाळा थोडी मराठी झाली, तेवढीच. घरच्या माडांच्या बागेची राखण करणारं हे पोरगं. बालपणीच लग्न झालं, पत्नीचं नाव बालाबाई. 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र आलं होतं, ते त्यांनी वाचलं. बस्स! तेवढ्या एका लेखानं त्यांचं मन असं पेटलं, की या बुद्धाचं खरं सांगणं काय होतं, ते मुळातून शिकल्याशिवाय राहायचं नाही. १८९९ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं.

त्या काळी हिंदुस्थानात बुद्ध शिकायचा कुठं? शाळा नाही, पुस्तक नाही. पुण्याला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात तरी बुद्धधर्म असेल म्हणून १९०२ साली नेपाळ गाठलं, तर तिथली अवस्था बघून निराश झाले. बुद्धगयेला आले. तिथं कळलं, की शिकायचं असेल तर सिंहलद्वीपाला जा. मग कलकत्ता, मद्रास असं करत त्याच साली कोलंबोला पोचले.

कोलंबोला विद्योदय नावाचं मोठं विद्यापीठ होतं. हिक्कडुवे सुमंगल महाथेर यांनी ते १८७३ साली स्थापन केलं होतं. त्यांच्या हाताखाली कोसंबी श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. परका देश, परकी भाषा, परकं जेवण. तिथलं अन्न मानवेना, तब्येत ढासळली. मायेचं कुणी नाही. पण हटले नाहीत. पुढं ब्रह्मदेशात गेले. तिथं ञाणतिलोक नावाचे जर्मन भिक्खू त्यांचे सोबती झाले. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, दोघंही आपापला मुलूख सोडून ब्रह्मदेशात ध्यान करत बसलेले! ज्या देशात बुद्धानं धम्म सांगितला, त्या देशाच्या माणसाला बुद्ध शिकायला समुद्र ओलांडावा लागला. ही लाज कुणाची? ज्यांनी या मातीतून बुद्ध पुसला त्यांची.

कोसंबी परदेशात गेले ते कुणाला आपल्या धर्मात ओढायला नाही. ते शिकायला गेले. आणि शिकून परत आले ते आपल्या लोकांना वाटायला. १९०६ साली कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तोवर चीवर उतरवलं होतं. कलकत्त्यात अडीचशे रुपये महिना मिळण्याची सोय होती. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सांगितलं, की महाराष्ट्रात राहून पुस्तकं लिहाल तर महिना पन्नास रुपये देतो. कोसंबींनी अडीचशे सोडले आणि पन्नास घेतले, कारण त्यांना मराठी माणसाला मराठीत बुद्ध सांगायचा होता. आज आपण पगारवाढीसाठी गेटवर उभे राहतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्यानं आपण होऊन पगार घटवून घेतला, त्याच्यापुढं मान लवल्याशिवाय राहत नाही.

१९१० साली त्यांना अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठानं विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं. मराठी शाळेतलं पोरगं हार्वर्डला! त्यांनी सिद्ध केलेला तो ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५० साली छापून निघाला. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पालीचे विद्यार्थी घडवले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. आणि माझ्यासारख्या गिरणीकामगाराला जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे १९३७ साली मुंबईत परळला, गिरणगावात, त्यांनी बहुजन विहार उभं केलं. कामगारांसाठी आणि अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या आपल्या बांधवांसाठी. येवल्याची बाबासाहेबांची घोषणा १९३५ ची, हे ध्यानात घ्या म्हणजे त्या विहाराचा काळ कळेल. ४ जून १९४७ ला सेवाग्रामला कोसंबी गेले.

इथपर्यंत टाळ्या वाजवण्यासारखं आहे. पण मी दुसऱ्यांदा वाचताना थांबलो ते वेगळ्या जागी. कोसंबींनी घर सोडलं तेव्हा बालाबाईंच्या मांडीवर तान्ही मुलगी होती, माणिक. त्याच साली, १८९९ ला, जन्मलेली. कोसंबी परत घरी आले ते १९०६ साली. जवळजवळ सात वर्षं! ही सात वर्षं त्या बाईनं कशी काढली असतील? लोक काय काय म्हणाले असतील? नवरा साधू झाला, नवरा टाकून गेला, हिचंच काही चुकलं असेल. कोसंबींच्या नावानं आज पुस्तकं आहेत, समारंभ आहेत. बालाबाईंच्या नावानं काय आहे? कोसंबींनी पुढं त्यांना कलकत्त्याला नेलं, १९१८ साली माणिकला आणि मुलगा दामोदर याला अमेरिकेला शिकायला नेलं. दामोदर तर मोठे गणिती आणि इतिहासकार झाले. म्हणजे माणूस घराला विसरला नाही. पण ती सात वर्षं काही परत आली नाहीत.

माता-भगिनींनो, यावर मी फार विचार केला. धम्माच्या वाटेवर चालणारा एक दिसतो. त्याचं ओझं मात्र घरातलं दुसरंच कुणीतरी वाहत असतं, आणि ते दिसत नाही. त्या आंध्रातल्या पोराचा लहान भाऊ रंगाचा डबा वाहतो. बालाबाईंनी सात वर्षं वाहिली. फरक एवढाच, की त्या मॉर्मन लोकांनी ओझं वाटून घ्यायची रीत केली आहे. काही घरी लहानपणापासून गल्ला, कमी पडलं तर फंड, आणि दोन वर्षांनी पोरगं घरी परत. बालाबाईंच्या मागं तसं कुणी नव्हतं.

आणि कुणी परदेशी निघालेल्या अशा पोरानं आपल्याला काय दिलं, असं विचारू नका. १८७६ सालीच, म्हणजे कोसंबींच्याच साली, ब्रह्मदेशातल्या अराकान प्रांतात एक मुलगा जन्मला. तो लहान वयातच घर सोडून भारतात आला आणि कुशीनगरला राहिला. ज्या जागी भगवंतांचं महापरिनिर्वाण झालं, त्या जागी त्यानं आयुष्य काढलं. तेच भदन्त चंद्रमणी महाथेर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं ते त्यांनी. त्या वेळी ते ऐंशी वर्षांचे होते. मग बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि तो उजेड चालत चालत आपल्या या मराठवाड्यात, आपल्या वस्तीत आला. अराकानातल्या त्या आईनं आपलं पोरगं घरात झाकून ठेवलं असतं तर?

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला मला जड जातं.

मी गेली वीस वर्षं माईकवर सांगत आलोय, की प्रत्येक घरानं एक लेकरू धम्माला द्या. पूर्णेच्या धम्म परिषदेत टाळ्या वाजवल्या, गल्लोगल्ली बोललो. गेल्या वर्षावासात माझाच धाकटा मुलगा माझ्यापुढं येऊन बसला. बी.ए. झालेला, मोबाईलच्या दुकानात कामाला. म्हणाला, "बाबा, मला दोन वर्षं भन्तेजींजवळ ऱ्हायचंय. पाली शिकायचीय. श्रामणेर होतो, मग पुढं बघू."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "येडा झालास का? मोठ्याचं बी धड नाही, माझा सीझन चार-पाच महिन्याचा, घर कोण चालवंल? आधी पोटापाण्याचं बघ." पोरगं उठून गेलं. त्या रात्री माझी पत्नी चुलीपाशी बसून मला म्हणाली, "तुमी माईकवर लोकाची लेकरं मागता, अन् घरात आपलं झाकून ठेवता." मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

मला भीती कशाची होती? धम्माची नव्हती. भीती होती ती महिन्याच्या किराण्याची. आणि मंडळी, ही भीती खोटी नाही. ज्याच्या घरी शेती नाही, नोकरी नाही, त्याला त्यागाचं भाषण देणं हे पाप आहे. म्हणून आज मी भाषण देत नाही, ठराव मांडतो.

पहिली गोष्ट. चीवर घेतलं की जन्मभर, असं ओझं पोरांच्या डोक्यावर ठेवू नका. ब्रह्मदेशात बहुतेक प्रत्येक बौद्ध मुलगा आयुष्यात एकदा तरी श्रामणेर होतो, काही दिवस, काही महिने, आणि परत येऊन संसार करतो. त्यात कमीपणा नाही. ज्याला राहायचं तो राहील. आपण मुदत ठरवू. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं.

दुसरी गोष्ट. घरटी महिना वीस रुपये. ज्याला जमत नाही त्यानं ज्वारी द्यावी, ज्याला तेही जमत नाही त्यानं विहार झाडावं. जे लेकरू जाईल, त्याच्या घरी यातून दरमहा मदत पोचेल. त्याच्या आईनं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. हिशेब महिला मंडळाकडं असावा, कारण बालाबाईंचं दुःख त्यांनाच आधी कळेल.

तिसरी गोष्ट. पोरींना वगळू नका. मॉर्मनांच्या पोरी जातात, आपल्या संघमित्रा तर बावीसशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेल्या. आपली शिकलेली लेक पाली शिकून परत आली आणि वस्तीतल्या लेकरांना तिनं सांगितलं, तर त्याची सर माझ्या दहा भाषणांना येणार नाही.

आणि चौथी गोष्ट. आधी शिकायचं, मग सांगायचं. आपल्याला कुणाच्या दारावर जाऊन भीती घालायची नाही, आमिष दाखवायचं नाही. या आणि बघा, एवढंच म्हणायचं. पण बघायला आलेल्याला दाखवायला आपल्याजवळ काही असलं पाहिजे. आज कुणी परधर्माचं पोरगं आपल्या पोराला विचारील, तुझा बुद्ध काय सांगतो, तर किती पोरं दोन मिनिटं बोलतील? निळा झेंडा आपण उंच धरतो, त्याचा अभिमान आहेच. पण झेंड्याखाली उभं राहून बोलायला चार शब्द नकोत का?

फंडातला पहिला पैसा माझ्या घरी येऊ नये, हे मी कमिटीला लिहून दिलं आहे. पहिलं लेकरू दुसऱ्याच्या घरचं जावो. माझ्या लेकराचं मी बघीन. यंदा सीझनला ओव्हरटाइम करीन, पत्नीनं शिवणकाम वाढवलं आहे, मोठ्या पोरानंही हात दिला आहे. चौघांनी मिळून ओझं वाटून घेतलं. माझा धाकटा मागं त्या लिंबाखाली उभा आहे. त्याला मी घरात सांगायला पाहिजे होतं, पण 'नाही' म्हणालो तेव्हा आवाज गल्लीभर गेला होता, म्हणून 'हो' सुद्धा सगळ्यांसमोर म्हणतो. बाळा, जा. शिक. दोन वर्षांनी ये, आणि तुझा बाप माईकवर जे जे चुकीचं बोलला असेल, ते दुरुस्त करून सांग.

अन् जाताना तुझ्या माईला विचारून जा. न सांगता जाऊ नको.

 

नमो बुद्धाय! जयभीम!